पोपटीच्या रात्रीचं कोकम-संत्र्याचं कॉकटेल: घरी पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन रेवदंड्याला आले, त्या पहिल्याच जानेवारीत वाडीत पोपटी, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, कांदे-बटाटे भाजायचा बेत, लावायची ठरली आणि पुण्याहून माझे दोघे मावसभाऊ यायचे होते. त्यांना काहीतरी इथलं, कोकणातलं प्यायला द्यावं म्हणून मी फडताळातली लालजर्द बाटली काढली, सरबतासारखी पाव ग्लास ओतली, वर संत्र्याचा रस आणि व्हाइट रम घातली. रंग इतका देखणा आला की आधी फोटोच काढले गेले. मग पहिला घोट घेतला आणि दोघांनीही ग्लास खाली ठेवले. नुसतं खारट! पडवीतून सासूबाई म्हणाल्या, "अगं, आगळ ओतलंस होय? त्यात मीठ असतं. सोलकढीचं आहे ते."

त्यानंतर सहा हिवाळे गेले. दरवर्षी थोडं थोडं सुधारत आता हे पेय असं जमलंय की पोपटीचं निमंत्रण देताच समोरून पहिला प्रश्न त्याचाच येतो. त्या पहिल्या वर्षी मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते सगळं इथे लिहिते आहे. किनाऱ्यावर नव्याने राहायला आलेल्यांना, नागाव-चौल-मुरूडकडे घर घेऊन दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्यांना आणि घरी कधीच कॉकटेल न केलेल्यांना हे उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दारू सगळ्यात शेवटी घालायची. त्याआधी जे तयार होतं, ते नुसतं प्यायलं तरी दुसऱ्यांदा मागावंसं वाटलं पाहिजे. फळ कच्चं असेल, पाक बिघडला असेल, तर रम ते झाकत नाही, उलट उघडं पाडते. शिवाय घरात आजी असतात, मुलं असतात, गाडी चालवणारा एकजण असतो. त्या सगळ्यांना तोच रंग, तीच चव, तोच ग्लास देता येतो.

१. परवाना, वय आणि जागा

हे कंटाळवाणं आहे, पण आधी उरकून घ्या.

महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा मिळतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. बियर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण हवं, रम-वोडका-व्हिस्कीसाठी २५. अनेकांना वाटतं की १८ झालं म्हणजे सगळं खुलं, तसं नाही.

गोव्याहून येताना स्वस्त म्हणून बाटल्या घेऊन येऊ नका. गोव्यात विकण्यासाठी बनलेली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, आणि सावंतवाडीच्या अलीकडे इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. सुट्टीचा शेवट पोलीस ठाण्यात व्हायला नको.

२६ जानेवारीला दुकानं बंद असतात. पोपटीचा हंगाम आणि जोडून आलेली सुट्टी नेमकी तेव्हाच पडते, त्यामुळे खरेदी आधी करून ठेवा.

हातभट्टीची दारू कुणी कितीही "शुद्ध आहे" म्हणून दिली तरी घेऊ नका. मिथेनॉल असेल तर ते वासावरून, रंगावरून कळत नाही. माणूस आंधळा होतो किंवा जातो. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं अशीच गेली. घरी फळं आंबवून दारू गाळणंही बेकायदा आहे. या लेखात आपण फक्त दुकानातून आणलेली, सील असलेली बाटली वापरणार आहोत.

आणि हे सगळं आपल्या अंगणात, वाडीत. समुद्रकिनाऱ्यावर बसून नाही.

२. काय काय लागेल

हे माप १० ते १२ ग्लासांचं आहे.

- आमसुलं (सोलं): ५० ग्रॅम
- साखर: २०० ग्रॅम
- दालचिनी: बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा
- आलं: एक इंच, ठेचून
- लवंगा: ३
- संत्री: अडीच ते तीन किलो
- जायफळ: एक, अख्खं
- व्हाइट रम किंवा वोडका: अर्धा लिटर पुरते
- बर्फ: वाटतो त्याच्या दुप्पट

भांड्यांसाठी बाजारात जायची गरज नाही. शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची स्टीलची बाटली चालते. माप म्हणून औषधाच्या बाटलीवरचं मिलिलिटरच्या खुणांचं प्लास्टिकचं झाकण उत्तम. मी गेली सहा वर्षं तेच वापरते. चहाची गाळणी, एक स्वच्छ पंचा, किसणी. बस.

ॲल्युमिनियमचं आणि कल्हई नसलेलं पितळेचं भांडं मात्र कोकमाला लावायचं नाही. आंबट रस धातू खातो आणि चव कडवट, धातूची होते. स्टील, काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या.

३. कोकम: एकाच फळाचे तीन अवतार

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली होती, म्हणून इथे जरा थांबते.

कोकमाच्या ताज्या फळाला इकडे रातांबा म्हणतात, सिंधुदुर्गाच्या खाली गेलात तर भिरंड. ते पिकतं एप्रिल-मेमध्ये. हिवाळ्यात झाडावर ते नसतंच, त्यामुळे आपल्याला साठवलेल्या रूपातूनच काम भागवावं लागतं. ही रूपं तीन:

आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घालून टिकवलेला रस. हा मिठावरच वर्षभर राहतो. सोलकढीला हा हवाच. कॉकटेलमध्ये मात्र पाव चमच्याच्या वर गेला की पेय कढीच्या वाटेने जातं.

अमृत कोकम म्हणजे साखरेतलं सिरप. घाईच्या वेळी हे वापरता येतं, पण बाटलीवरची यादी वाचा. बऱ्याच घरगुती बाटल्यांत जिरेपूड आणि मीठ असतं. उन्हाळ्यात ते जिरं सुखाचं वाटतं, संत्र्याबरोबर ते भांडतं.

आमसूल म्हणजे सालं. रातांब्याची सालं त्याच्याच रसात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवून, अशी पुटं देत सुकवलेली. यातून आपल्याला हवा तेवढाच आंबटपणा, हवा तसा रंग आणि अगदी थोडं मीठ मिळतं. आपण हेच घेणार.

आमसूल विकत घेताना हातात घेऊन दाबून बघा. ते मऊ, किंचित चिकट आणि काळपट जांभळं हवं. लाकडासारखं कडक असेल तर दोन वर्षांपूर्वीचं आहे, रंग सोडणार नाही. पांढरी पूड दिसली तर चाटून बघा. खारट लागली तर मीठ आहे, वास कुबट आला तर बुरशी आहे, सोडून द्या. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, आणि मला स्वतःला मालवणकडचं आमसूल जास्त गडद रंगाचं वाटतं. पण आमच्या शेजारच्या वाडीतलं घरचं आमसूल मिळालं तर मी दुसरीकडे बघत नाही.

४. मसाल्याचा कोकम-पाक (आदल्या दिवशी)

अ) आमसुलं वाहत्या पाण्याखाली एकदाच झटकन धुवा. वरचं मीठ जातं. जास्त वेळ धुतलीत तर रंगही मोरीत जाईल.

आ) २०० मिली कोमट पाण्यात तीन तास भिजत घाला. पाणी उकळतं नको. बोटाला सहन होईल इतपतच.

इ) हाताने चांगली कुस्करून पंच्यातून पिळून घ्या. साधारण १७० मिली गडद लाल पाणी निघेल. पंचा जुना घ्या, हा डाग जात नाही. पिळलेली आमसुलं बाजूला ठेवा, टाकू नका.

ई) वेगळ्या भांड्यात १०० मिली पाणी, साखर, दालचिनी, लवंगा आणि ठेचलेलं आलं घालून मंद आचेवर पाच मिनिटं उकळा. तार यायची वाट बघू नका, हा गुलाबजामचा पाक नाही. साखर विरघळून मसाल्याचा वास घरभर आला की गॅस बंद.

उ) हा पाक कोमट होऊ द्या, आणि मगच त्यात कोकमाचं पाणी मिसळा.

या पायरीवर घाई करू नका. पहिली दोन वर्षं मी कोकमाचं पाणी आणि साखर एकत्रच उकळत असे. चव ठीक यायची, पण रंग विटक्या वीटेसारखा व्हायचा आणि आमसुलाचा जो एक फळाचा, किंचित जांभळासारखा वास असतो तो निघून जायचा. कोकमाचा लाल रंग फार वेळ आच सहन करत नाही. वेगवेगळं करून गार झाल्यावर मिसळायला लागल्यापासून तो माणकासारखा राहतो.

ऊ) गाळून काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. सुमारे पावणेचारशे मिली पाक होतो, म्हणजे बारा ग्लासांपुरता. आठ-दहा दिवस छान राहतो.

साखरेऐवजी गूळ घालावासा वाटेल. चव चांगली लागते, पण रंग तपकिरी होतो. गूळ मी गरम प्रकारासाठी राखून ठेवते, तो पुढे दिला आहे.

दालचिनीबद्दल एक. किराण्यात मिळणारी जाड, कडक साल बहुतेक वेळा खरी दालचिनी नसते, ती जरा जळजळीत लागते. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते ती खरी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची दालचिनीची जात दिली आहे आणि इकडच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांतून मसाल्याची झाडं लावणारे बरेच आहेत. ओळखीत कुणाकडे असेल तर मागून घ्या. ताज्या सालीचा वास वेगळाच असतो.

५. संत्रं: शेवटच्या तासातच पिळायचं

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला बाजारात येतो. मधल्या काळात उत्तरेकडचं किनू जास्त दिसतं. दोन्ही चालतात. नागपुरी संत्र्याला वास जास्त, किनूला रस जास्त. एका मध्यम संत्र्यातून ५० ते ६० मिली रस निघतो, म्हणजे एका ग्लासाला पावणेदोन संत्री धरा.

फळ निवडताना सालीच्या रंगावर जाऊ नका, हातात तोलून बघा. आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. साल फुगून फळापासून सुटलेली असेल तर आत कोरडं निघण्याची शक्यता जास्त.

आता या पायरीवरचे दोन सापळे.

पहिला, मिक्सर. बिया फुटल्या की रस कडू होतो, आणि तो कडवटपणा साखरेने जात नाही. फाका सोलून, पांढरे धागे काढून, गाळणीवर हाताने दाबून रस काढा. मुलांना या कामाला बसवा, ती आनंदाने करतात. किंवा संत्रं आडवं कापून लिंबासारखं पिळा, पण सालीपर्यंत घासू नका.

दुसरा, वेळ. सकाळी वेळ आहे म्हणून रस काढून ठेवला आणि रात्री वापरला, असं करू नका. संत्र्याच्या रसात असं एक द्रव्य असतं की जे फळ अख्खं असताना कडू नसतं, पण रस काढल्यावर हळूहळू कडू होत जातं. नागपुरी संत्र्यात हे फार जाणवतं. फ्रीजमध्ये ठेवलं तरी होतं. दुपारी गोड लागलेला रस रात्री आठ वाजता कडू कसा झाला, हे कोडं मला दोन वर्षं सुटलं नव्हतं. पाहुणे आल्यावर पिळायला घ्या, गप्पाही होतात.

डब्यातला तयार रस? त्यात बहुतेक वेळा साखर आधीच असते. आपल्या पाकातही साखर आहे. दोन्ही मिळून तोंड मिटायला होतं.

६. बर्फ

किनाऱ्यावरच्या गावांत बर्फाची लादी सहज मिळते, आणि इथेच नवखी माणसं फसतात. ती लादी मासळीसाठी असते. तिचं पाणी कुठलं, वाहतूक कशातून, याचा पिण्याशी संबंध नसतो. खाण्यासाठी नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळसर रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पण पांढरा दिसतोय म्हणजे प्यायचाच, असंही समजू नका.

घरीच करा. पाणी उकळून गार करून वाट्यांमध्ये गोठवा. एका ग्लासाला वाटीएवढा एक मोठा खडा घातला तर तो सावकाश विरघळतो आणि पेय पाणचट होत नाही. हलवण्यासाठी मात्र लहान खडे हवेत. दोन दिवस आधीपासून सुरुवात करा. इकडे वीज गेली की दोन-तीन तास जाते, त्यामुळे शेवटच्या दिवसावर बर्फ सोपवू नका.

७. कोणती दारू

व्हाइट रम माझी पहिली पसंती. ती उसाची, त्यामुळे दालचिनी आणि आल्याशी तिची सोयरीक जुळते. वोडका घातली तर फळ जास्त पुढे येतं, मसाला मागे राहतो. गडद रम या थंड प्रकारात मला आवडत नाही, कोकमाचा रंग मारून टाकते. व्हिस्की तर नकोच. महागातली बाटली घेऊ नका. फळाच्या आणि पाकाच्या मागे तिचं वेगळेपण कळणार नाही.

गोव्यात राहणाऱ्यांनी फेणीने हे करून बघावं. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा वास जबरदस्त असतो, बोंडाचा, उग्र. ४५ मिली घातली तर संत्रं हरवतं, म्हणून ३० मिलीवर थांबा आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. माडाची फेणी जरा सौम्य, तिच्याबरोबर हे पेय फार छान लागतं. महाराष्ट्राच्या बाजूच्या लोकांनी वरचा पहिला मुद्दा पुन्हा वाचावा.

८. एक ग्लास असा करायचा

माप:

- कोकम-पाक ३० मिली
- संत्र्याचा रस ९० मिली
- रम ४५ मिली

मोजपात्र नसेल तर एक माप पाक, दीड माप रम, तीन मापं रस. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये बरोबर चार ग्लास होतात.

आधी डब्यात पाक आणि रस घाला, चमच्याने ढवळा आणि चाखा. आमच्याकडे हा घोट सासूबाई घेतात. त्या दारूला शिवत नाहीत, पण आंबट-गोडाचा त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का आहे. फार गोड वाटलं तर लिंबाचे चार थेंब. फार आंबट वाटलं तर पाक वाढवू नका, त्यात कोकमही वाढेल. अजून थोडा रस घाला. चव बोथट, सपाट वाटली तर आगळाचे अगदी दोन-तीन थेंब. हो, तेच आगळ. मिठाचा तेवढा स्पर्श संत्र्याला उठाव देतो, कलिंगडावर मीठ भुरभुरतात तसा.

ज्यांना दारू नको त्यांचे ग्लास इथेच भरून घ्या.

मग रम घाला, बर्फाचे लहान खडे अर्ध्या डब्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन्ही हातांनी पंधरा सेकंद जोरात हलवा. डब्याला बाहेरून दव आलं, हाताला गार चटका बसला, की झालं. गाळणीतून मोठा खडा ठेवलेल्या ग्लासात ओता.

वरून संत्र्याच्या सालीचा रुपयाएवढा तुकडा ग्लासावर धरून दुमडा. सालीतलं तेल बारीक तुषारांत पेयावर पडतं. लहानपणी आपण हेच एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो. शेवटी जायफळ किसणीवर दोनदाच घासा. दोनदाच. जायफळ जास्त झालं तर चव औषधी होते, आणि ते मोठ्या प्रमाणात शरीराला चांगलंही नाही.

सोडा हवा असेल तर शेवटी ग्लासात घाला. बंद डब्यात सोडा घालून कधीही हलवू नका, झाकण उडतं. गरम पेयाचंही तेच.

एक हिशेब लक्षात ठेवा. आपल्याकडच्या रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. वरच्या मापाने, बर्फाचं पाणी धरून, ग्लासातलं पेय सुमारे १० टक्क्यांचं होतं. म्हणजे वाइनच्या जवळ जाणारं. पण जिभेला ते सरबत वाटतं, आणि हाच त्याचा धोका आहे. मी पाहुण्यांना पहिला ग्लास ४५ मिलीचा देते आणि दुसरा ३० चा. दोनच्या वर विचारत नाही. झोपेच्या गोळ्या किंवा साखरेची औषधं चालू असणाऱ्यांनी बिनदारूचाच ग्लास घ्यावा.

९. पोपटीजवळ

पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मडक्याच्या तळाला भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे कांदे, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला. पाण्याचा किंवा तेलाचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, सुक्या झावळ्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र होऊन लगेच सुकलं, की झाली.

हा अर्धा-पाऊण तास म्हणजे आपला कॉकटेलचा वेळ. शेतात दव पडायला लागतं, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, एका अंगाला जाळाची धग आणि दुसऱ्या अंगाला गारवा. कोकणातली थंडी बोचरी नसतेच, म्हणून इथे थंड पेय आणि आत गरम मसाला ही जोडी जमते. भांबुर्डीचा ओव्यासारखा उग्र वास आणि ग्लासातलं जायफळ एकमेकांना ओळखत असल्यासारखे मिसळतात. हे मी कितीही लिहिलं तरी तिथे उभं राहूनच कळेल.

पण बाटली जाळाजवळ न्यायची नाही. टेबल निदान पंधरा पावलं लांब मांडा, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. रमची वाफ पेट घेते. जाळ भडकवायला कुणीतरी उत्साहाने बाटली उपडी करायला धावतं, त्याला आधीच अडवा. आमच्याकडे एका वर्षी एका पाहुण्याच्या मनगटावरचे केस जळण्यावर निभावलं. तेव्हापासून पोपटी लावणारा आणि ग्लास भरणारा अशी दोन माणसं वेगळी असतात, आणि पोपटी लावणारा ती निघेपर्यंत काही पीत नाही.

प्यायल्यावर समुद्रात जायचं नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. काशीद-मुरूडचा किनारा रात्री फार शांत दिसतो, तसा तो नाही. आणि गाडी चालवायची नाही. रक्तातली कायद्याची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे, आपला पहिला ग्लासच तुम्हाला तिथवर नेऊ शकतो. पाहुण्यांच्या झोपण्याची सोय आधी करा, मग निमंत्रण द्या.

१०. हात बसल्यावर करून बघायचे प्रकार

*स्ट्रॉबेरी घालून.* महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी माणसं जानेवारीत खोके घेऊन येतात. चार स्ट्रॉबेऱ्या चमच्याने चेचून डब्यात घाला, संत्र्याचा रस ६० मिलीवर आणा. गाळताना दाबून गाळा.

*चिकू.* डहाणूकडे असाल तर घोलवडचा चिकू याच दिवसांत उत्तम असतो. पण चिकू कोकमाबरोबर नको, दोघांचं जमत नाही. पिकलेला एक चिकू कुस्करून, गुळाचा पाक २० मिली, गडद रम ४५ मिली, लिंबू चमचाभर. इथे गडद रमच हवी. हे दाट, जेवणानंतरचं पेय आहे.

*गरम.* लाल वाइन ७५० मिली, गुळाने केलेला कोकम-पाक १५० मिली, दोन संत्र्यांचा रस, एका संत्र्याच्या चकत्या. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि कडेला वाफ दिसायला लागली की उतरवा. उकळी येऊ द्यायची नाही. अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, शिवाय वाइन उकळली की तुरट होते. पितळी कपबशीत नको, चिनी मातीच्या कपांत द्या.

सजावटीला कमरखाच्या चांदणीसारख्या चकत्या फार सुंदर दिसतात. पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना कमरख घातक ठरू शकतं, आणि पाहुण्यांतल्या कुणाला काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. मी ते वापरणं सोडलं. संत्र्याची चकती पुरते.

११. दुसऱ्या दिवशी

उरलेला पाक फ्रीजमध्ये, आणि नाश्त्याला मुलांना सोड्यात घालून. रस आणि पाक मिसळलेलं काही उरलं असेल तर ते ठेवू नका, सकाळपर्यंत कडू होईल. ग्लास आणि हलवायचा डबा साध्या पाण्याने रात्रीच विसळून ठेवा, कोकमाचा रंग काचेला नाही पण झाकणाच्या रबराला कायमचा बसतो.

आणि ती पिळून बाजूला ठेवलेली आमसुलं. सासूबाई ती दुसऱ्या दिवशी वालाच्या बिरड्यात टाकतात. नेहमी चार घालत असाल तर सात-आठ घाला, बराचसा आंबटपणा पाकातच निघून गेलेला असतो.